काळ्या चष्म्याचे दहा दिवस

१० फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी, माझी दहावीची विद्यार्थिनी प्रणाली, तिची आई, आणि दार उघडून चहा टाकायला आमचे हे. विषय: वर्गसमीकरणं, अवयव पाडून. शेरा: डोळ्याच्या ऑपरेशननंतरची पहिली शिकवणी.

ही नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. मुलीचं नाव तेवढं बदललं आहे, बाकी सगळं वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी प्रत्येक शिकवणीची नोंद ठेवते. तारीख, हजर कोण, काय घेतलं, कुठं अडलं. अशा एकोणीस वह्या कपाटात आहेत. दिवाळी अंकासाठी शिकवणीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा वाटलं होतं, वह्या चाळाव्यात, चार गमतीदार मुलं काढावीत, दोन हट्टी पालक घालावेत आणि लेख मुदतीत द्यावा. चाळता चाळता या पानाशी आले आणि पुढची पानं उलटायचा उत्साह गेला. म्हणून आधी व्यवसायाबद्दल थोडं सांगते आणि मग या पानाकडे येते.

मी गणिताची शिकवणी घेते. आठवी ते दहावी. एका वेळी एकच मूल. आधी साताऱ्यात, मग ह्यांची बदली झाल्यावर सांगलीत. सांगलीत क्लासना तोटा नाही. एकेका हॉलमध्ये साठ-सत्तर मुलं बसतात आणि त्यातली बरीच चांगले गुणही मिळवतात. माझ्याकडे येतात ती त्या साठांतली मागच्या बाकावरची. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, समोर मूल, मध्ये कोरे कागद आणि दोन पेन्सिली. समोर बसून बसून मला आकडे उलटे वाचायची सवय झाली आहे. मूल लिहितं तेव्हा ते मला उलटंच दिसतं आणि तरीही सुटलेलं उणे चिन्ह मला त्याच्या आधी दिसतं. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. दहावीचं मूल असलं तरी त्याला पाचवी-सहावीची दहा गणितं देते. अपूर्णांकांचा भागाकार, दशांश चिन्ह, उणे तीनमधून उणे पाच वजा करणं. पालक गोंधळतात. प्रश्न दहावीचा आणि बाई पाचवीत काय करतात? पण माझा अनुभव असा, की दहावीच्या गणितात अडलेलं मूल सहसा दहावीत अडलेलं नसतं. ते चार वर्षांपूर्वी केव्हातरी आजारी होतं, किंवा त्या आठवड्यात घरात लग्न होतं आणि अपूर्णांकांचा धडा त्याच्याशिवाय पुढं गेला. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. मग त्या मुलाच्या नावानं एक यादी करते. एकेक चूक, तिची तारीख, आणि ती पुन्हा केव्हा झाली. चूक सलग तीन आठवडे झाली नाही, की तिच्यावर रेघ. मुलांना ही रेघ आवडते. काही जण पट्टी लावून स्वतःच मारतात.

एक मुलगा आठवतो. घरची हळदीची पेढी, वखारभागात. क्विंटल, किलो, शेकडा घट हे सगळं त्याच्या तोंडावर. उदाहरण वाचून व्हायच्या आत उत्तर सांगायचा आणि ते बरोबर असायचं. पण कागदावर फक्त उत्तर. बोर्डात गुण पायऱ्यांना मिळतात हे मी त्याला महिनाभर सांगितलं. त्याचं म्हणणं एकच, उत्तर बरोबर असलं की झालं. शेवटी मी त्याला दुसऱ्याच कुणाची तरी सात उत्तरं लिहिलेला कागद दिला, त्यातलं एक चुकीचं होतं, आणि ते कुठं चुकलं ते शोधायला सांगितलं. अर्धा तास तो डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "म्हणजे पायरी ही पोत्यावरची चिठ्ठी हाय व्हय, बाई. माल कुठनं आला त्ये कळायला." त्यानंतर त्यानं इतक्या पायऱ्या लिहिल्या की कागद पुरेनात.

दुसरा नमुना पालकांचा. साताऱ्यात असताना मेढ्याहून एक मुलगा यायचा, एसटीनं, वडिलांना घेऊन. म्हणजे वडीलच त्याला घेऊन यायचे. डोंगरातली शेती सोडून माणूस आठवड्यातून दोनदा पोरासाठी येतो, याचं मला कौतुक होतं. पण ते पोराच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. मी काही विचारलं की पोरगा आधी वडिलांकडे बघे. वडिलांना गणित येत नव्हतं, पण आपल्याला येत नाही हे पोराला कळू नये म्हणून ते अंदाजानं मान हलवत. ती मान बघून पोरगा उत्तर देई आणि दोघंही चुकत. मी त्यांना म्हटलं, तासभर बाजारातून फिरून या. ते म्हणाले, "आवं, मी हाललो की ह्यो पळंल." मी म्हटलं, पळाला तर माझी जबाबदारी. पोरगा पळाला नाही. दोन महिन्यांत त्याचं त्यालाच उत्तर येऊ लागलं. त्या दिवसापासून माझा नियम झाला आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला: शिकवणीच्या वेळी पालक बाहेर. कारण मूल गणिताकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघतं.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

प्रणाली आली ती नववी संपल्यावरच्या उन्हाळ्यात. गाव कडेगावकडचं, उसाची शेती. वडील लष्करात हवालदार, वर्षातून दोनदा सुटीवर येणारे. दोन मुलींच्या शिक्षणासाठी आई सांगलीत दोन खोल्या घेऊन राहिली होती. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. प्रणाली सडपातळ, वेण्या घट्ट बांधलेली, फार न बोलणारी. पहिल्या दिवशी मी विचारते तसं तिलाही विचारलं, पुढं काय करायचं आहे. मुलं सहसा डॉक्टर, कलेक्टर, पोलीस सांगतात. ही म्हणाली, "मोजणी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिनं समजावून सांगितलं. चुलत्यांच्या आणि तिच्या घरच्या रानाच्या बांधावरून वाद होता, तेव्हा मोजणीवाले आले होते. तिवईवर यंत्र ठेवून एक माणूस त्यातून बघत होता आणि दुसरा लांब काठी घेऊन उभा होता. ही दिवसभर त्यांच्यामागं फिरली. त्या माणसानं तिला यंत्रातून बघू दिलं आणि सांगितलं, की कोन आणि एक बाजू कळली की बाकीचं रान न चालता मोजता येतं. तिनं त्याला विचारून घेतलं होतं, यासाठी काय शिकावं लागतं. दहावीनंतर तंत्रनिकेतनातला सिव्हिलचा डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या गुणांवर. सरकारी तंत्रनिकेतन मिळालं तरच वडील पाठवणार, हेही ठरलेलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला इतकं नेमकं माहीत असलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. मी तिच्या यादीच्या वर लिहिलं: मोजणी.

वर्षभर ती फार छान शिकली. निदान मला तसं वाटलं. इतर मुलांच्या याद्या दोन-दोन पानं भरत, तिची अर्ध्या पानात मावली. चूक करायला जायची, थांबायची आणि स्वतःच दुरुस्त करायची. मी ह्यांना सांगायचे, ही मुलगी स्वतःची चूक स्वतः पकडते, असं मूल दहा वर्षांत एकदा येतं. शाळेतल्या चाचण्यांमध्ये मात्र तिला चाळीसपैकी एकोणीस, बावीस असे गुण पडत. मी उत्तरपत्रिका बघितल्या. सोपी गणितं अर्धवट सोडलेली, खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली. मी शेरा लिहिला, "परीक्षेत घाई करते." आईला सांगितलं की शाळेत जरा कडक तपासतात. दोन्ही वाक्यं वहीत आहेत. तारखांसकट.

जानेवारीअखेर माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साखरेमुळे पन्नाशीच्या आतच मोतीबिंदू पिकला होता आणि तो काढणं पुढं ढकलण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, बाजूनंही झाकणारा, आणि सांगितलं की काही दिवस वाचन, लिखाण, वाकणं बंद. बीजगणिताच्या पेपरला महिनाही उरला नव्हता. मी ठरवलं, मी वाचणार नाही. प्रणाली प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगेल आणि मी ऐकेन. हात मांडीवर ठेवून बसले. प्रणालीची आई एरवी व्हरांड्यात थांबायची, पण त्या दिवशी, दहा फेब्रुवारीला, शेवग्याच्या शेंगा घेऊन माझी विचारपूस करायला आत आली आणि सोफ्यावर बसली. मीही तिला बाहेर जा म्हटलं नाही.

समीकरण होतं, एक्सचा वर्ग वजा पाच एक्स वजा चौदा बरोबर शून्य. ज्यांना हे विसरायला झालं असेल त्यांच्यासाठी: अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार उणे चौदा आणि बेरीज उणे पाच. सात आणि दोन हे लगेच कळतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की उणे सात आणि अधिक दोन, की अधिक सात आणि उणे दोन. दोनच शक्यता. दोन्ही करून बघितल्या तरी अर्धा मिनिट लागत नाही.

प्रणाली म्हणाली, "सात आणि दोन." मी म्हटलं, हं. ती म्हणाली, "अधिक सात, उणे दोन." मी काही बोलले नाही. ती थांबली. मग म्हणाली, "उणे सात, अधिक दोन?" मी तरीही गप्प. मला ऐकायचं होतं की ती कारण काय सांगते. ती परत पहिल्यावर गेली, मग दुसऱ्यावर. मी म्हटलं, "बेरीज करून बघ ना." तिनं बेरीज केली नाही. ती माझ्या चष्म्याकडे बघत बसली होती. मला ती धूसर दिसत होती, पण तिची मान वर होती, कागदाकडे नव्हती, एवढं कळत होतं.

अशी वीस मिनिटं गेली. एकही गणित पूर्ण झालं नाही. आई म्हणाली, "आगं, काल घरात पटापटा करत हुतीस की." घरात म्हणजे, ऑपरेशनच्या आधी मी सोडवून घेतलेली तीच गणितं परत उतरवत होती.

मी आईला चहाचं निमित्त करून ह्यांच्याकडे स्वयंपाकघरात पाठवलं आणि प्रणालीला विचारलं, "तू माझ्याकडे काय बघतेस?"

ती सरळ मुलगी. तिनं सांगितलं. "बाई, आज तुमचे डोळे दिसत न्हाईत."

"मग?"

"तुमी पेन्सिल खाली ठिवली की मला कळतं बरोबर हाय. अन् चुकायला लागलं की तुमची पेन्सिल थांबती. चिन्ह चुकलं की तुमी भुवई वर करता. हं म्हणता त्ये बारकं असलं तर बरोबर. लांबलं तर चूक."

मी म्हटलं, आणखी. तिनं आणखी सांगितलं. उत्तर आलं की मी पुढचा कागद हाताशी ओढते. ती भलत्या वाटेनं गेली की मी खुर्चीत मागं टेकते. गुणाकारात गडबड असली की माझे ओठ हलतात, कारण मी मनात पाढा म्हणत असते. अकरा खुणा झाल्या. त्या मी नंतर ह्यांच्याकडून वहीत लिहून घेतल्या. ती काही लबाडी करत नव्हती. तिला वाटत होतं शिकवणी हीच असते. बाई दाखवतात आणि आपण बघतो. ती माझ्याइतकीच मन लावून शिकली होती, फक्त गणिताऐवजी मला.

स्वतःची चूक स्वतः पकडणारी मुलगी म्हणून मी जिचं कौतुक करत होते, तिच्या सगळ्या चुका मीच पकडत होते. तिची यादी अर्ध्या पानाची राहिली ती त्यामुळे. मेढ्याच्या त्या बापाला मी बाजारात पाठवलं होतं. स्वतःला कुठं पाठवायचं हे मला सुचलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस मी काळ्या चष्म्याचा फायदा घ्यायचं ठरवलं. वेळापत्रक केलं. रोज एक तास. गणित द्यायचं आणि मी स्वयंपाकघरात जायचं. दहा मिनिटांनी यायचं. "बरोबर आहे का?" असं तिनं विचारलं की मी एवढंच म्हणायचं, "तूच सांग, कशावरून?" उत्तर समीकरणात परत ठेवून ताळा करायला तिला शिकवायचं. सगळं कागदावर नीट होतं.

पहिले तीन दिवस ती रडली. आवाज न करता, लिहिता लिहिता. चौथ्या दिवशी तिनं पहिल्यांदा ताळा केला, चूक निघाली, आणि स्वतःहून चिन्ह बदललं. पंचवीस मिनिटं लागली, पण ते गणित तिचं होतं. सहाव्या दिवशी अशी दोन झाली. सातव्या दिवशी तीन. पेपरपर्यंतच्या तेवीस दिवसांत पूर्ण अभ्यासक्रम असा होणार नाही हे मला दिसत होतं, पण पंधरा-वीस गणितं तिची स्वतःची होतील हेही दिसत होतं, आणि पेपर तेवढ्यावर निघाला असता.

अकराव्या दिवशी चष्मा निघाला. त्याच संध्याकाळी आई आली. ती व्हरांड्यातून सगळं बघत होती. मी आत कणीक मळतेय आणि पोरगी एकटी टेबलाशी डोळे पुसतेय, हे तिनं दहा दिवस पाहिलं होतं. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती.

"बाई, तुमी आता शिकवतच न्हाई. माझं काय चुकलं आसंल तर सांगा. पर परीक्षा तोंडावर हाय. पोरगी जेवत न्हाई. म्हनती, मला कायबी येत न्हाई. वरीसभर तर सगळं येत हुतं की तिला."

मी तिला समजावायला हवं होतं. शब्द माझ्याकडे होते. वर्षभर तिला येत नव्हतं, ते मला येत होतं, आता कुठं तिला यायला लागलं आहे, रडू दे. पण हे म्हणण्यासाठी वर्षभर मी काय केलं हेही सांगावं लागलं असतं. कडेगावहून येऊन बिऱ्हाड करून राहिलेल्या बाईला, जिचा नवरा सीमेवरून फोन करून दर रविवारी "गणित कसं चाललंय" विचारतो. मी म्हटलं, "बरं. उद्यापासून पूर्वीसारखं घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या समोर बसले. हातात पेन्सिल. डोळा आता स्वच्छ दिसत होता. प्रणालीनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खांदे सैल सोडले. तासाभरात चौदा गणितं झाली, सगळी बरोबर. मी हात आवरायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण समोर चूक होताना दिसते आणि वीस वर्षांची सवय भुवईत असते. आई खूश झाली. प्रणाली जेवू लागली. खरं लिहायचं तर मलाही बरं वाटलं. पुन्हा सगळं सुरळीत दिसत होतं. वहीत त्या दिवशीचा शेरा आहे: "आत्मविश्वास परत आला."

बीजगणितात तिला चाळीसपैकी चौदा पडले. भूमितीत सतरा. अंतर्गत गुण धरून ती सहज पास झाली, इतर विषयांत तर चांगले गुण होते. पण एकूण टक्केवारीत सरकारी तंत्रनिकेतनाची यादी तिच्या बरीच वर संपली.

निकालाच्या दिवशी तिघं आमच्याकडे आले. प्रणाली, आई आणि मोबाईलच्या पडद्यावर वडील. आईनं पेढ्यांचा पुडा आणला होता, कारण पास झाली होती. म्हणाली, "घाबरट हाय वो माझी पोरगी. हॉलमधी गेली की सगळं इसरती. तुमी तरी काय करनार." वडील पडद्यावरून म्हणाले, "बाई, तुमी तुमचं काम केलं. परेडला जवानच डगमगला, तर उस्ताद काय करणार?"

मी काय म्हणते याची प्रणाली वाट बघत होती. तिची मान वर होती.

मी मान हलवली. म्हटलं, "परीक्षेची भीती वाटते काही मुलांना." आणि पेढा घेतला.

या लेखात पश्चात्ताप म्हणून काही लिहायचं असेल तर तो चौदा गुणांचा नाही. शिकवणीत चुका होतात. माझी पद्धत वर्षभर चुकली, ती मला उशिरा कळली, सुधारायला वेळ कमी पडला, हे मी समजू शकते. आईच्या भीतीपुढं मी नमतं घेतलं, तेही कसंबसं समजू शकते. पण त्या दिवशी टेबलाशी एक पंधरा वर्षांची मुलगी होती आणि तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का होत होता, की आपल्याला गणित येत नाही आणि आपण घाबरट आहोत. तो हिशेब चुकीचा होता. कुठल्या पायरीवर चुकला हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी त्याला बरोबरची खूण केली.

तिनं अकरावीला वाणिज्य घेतलं. गणित ऐच्छिक होतं, ते सोडलं. पदवी झाली. आता एका गाड्यांच्या शोरूममध्ये फोन घेते. चांगली नोकरी आहे, वेळेवर असते, हसून बोलते असं ऐकून आहे.

माझी पद्धत तेव्हापासून बदलली, हे सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून कुणी मुलाला आणायचं थांबेल. मी आता समोर बसत नाही. मूल टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसतं, मी मागं. माझ्या हातात पेन्सिल नसते. गणित दिलं की मी तिथून उठते आणि सांगितलेल्या वेळेआधी परत येत नाही. उत्तर बरोबर की चूक हे मी सांगत नाही. मुलानं ते मला पटवायचं. पहिले दोन महिने मुलं माझ्या घरी भरपूर चुकतात आणि पालक कुरकुर करतात. मी त्यांना सांगते, इथं चुकू दे, जागा तीच आहे. याद्या तीन-तीन पानांच्या होतात. यादी लहान दिसली की मी आता काळजीत पडते. मुलं चांगली निघतात. एवढं सगळं मला एका मुलीनं शिकवलं, दहा मिनिटांत, अकरा खुणा सांगून.

यंदा जूनमध्ये प्रणालीच्या आईचा फोन आला. धाकटी दहावीत गेली होती. "हिला तुमच्याकडंच लावायची. हिचं डोकं चालतं, मोठीगत न्हाई." मी म्हटलं, आणा. मोठीबद्दलचं वाक्य मी ऐकलं आणि जाऊ दिलं. म्हणजे दुसऱ्यांदा.

धाकटीला सोडायला दर रविवारी प्रणालीच येते, स्कूटीवरून. आधी ती फाटकापाशीच थांबायची. ऑगस्टमधल्या एका रविवारी पाऊस होता म्हणून आत आली आणि व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसली. धाकटीला मी अवयवांचं गणित देऊन स्वयंपाकघरात गेले होते. परत येताना खिडकीतून दिसलं, की प्रणाली वर्तमानपत्र खाली ठेवून आत बघते आहे. बहिणीकडे, भिंतीकडे केलेल्या तोंडाकडे, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे. ती बराच वेळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

तास संपला. धाकटी चपला घालत होती. प्रणालीनं रेनकोट चढवला आणि हेल्मेट हातात घेऊन माझ्याजवळ आली. आवाज तसाच, हळू.

"बाई, आमच्या टायमाला तुमी समोर बसायचा."

"हो."

"मग बदललं कशापायी? माझं नेमकं चुकत कुठं हुतं, बाई?"

धाकटी पायरीवर उभी होती. मी म्हटलं, "सांगते. एकदा निवांत ये, सगळं सांगते." ती बरं म्हणाली, हेल्मेट घातलं आणि दोघी गेल्या.

त्यानंतर सहा रविवार झाले. ती फाटकापर्यंत येते, हात करते, जाते. मी एकदाही बाहेर जाऊन गाडी बंद करायला सांगितलेलं नाही. हा लेख मात्र मी मुदतीच्या चार दिवस आधी पूर्ण केला. जे तिला पहिल्यांदा कळायला हवं होतं ते आता तुम्हाला सगळ्यांना कळलं आहे. अंक बाजारात यायला तीन आठवडे आहेत, म्हणजे तीन रविवार. तिला अजून सांगायचं आहे.